‘चालेल की’ म्हणताना

जानेवारीतल्या एका रविवारी शेजारचा मुलगा दुकानात आला, तेव्हा मी शटर कमरेपर्यंतच वर केले होते. सांगलीत हरभट रोडच्या मागच्या बोळात माझे संगणक दुरुस्तीचे दुकान आहे. रविवारी ते बंद असते, पण राहिलेली बिले लिहायची म्हणून मी एकटाच बसलो होतो. अकरावीतला मुलगा, अंगात तोकडा झालेला शाळेचा स्वेटर, काखेत फिजिक्सची वही. वाकून आत आला, स्टुलावर बसला आणि वहीचे शेवटचे पान उघडून त्याने माझ्यापुढे धरले. त्यावर निळ्या शाईत एक आठ आकडी क्रमांक होता आणि त्याखाली दोन ठळक रेघा ओढल्या होत्या. “काका, हा तक्रारीचा नंबर. त्यांनी तक्रार बंद करून टाकली. आता कुणाकडं जायचं?” त्याचा आवाज चिडलेला नव्हता. कचेरीच्या खिडकीपाशी पावती दाखवून माणूस विचारतो, तसे तो विचारत होता. हातात क्रमांक आहे म्हणजे कुठेतरी आपली नोंद आहे, अशी त्याची समजूत होती. मला उत्तर ठाऊक होते, आणि ते देण्याऐवजी मी समोरच्या टपरीवर दोन चहा सांगितले.

त्याचा संगणक मीच जोडलेला. २०२० मध्ये शाळा घरात येऊन बसली, तेव्हा त्याच्या वडिलांनी परवडेल असा करून द्यायला सांगितले होते. सहाव्या पिढीचा इंटेल प्रोसेसर आणि दोन वर्षांनी त्यात बसवलेले एएमडीचे जुने ग्राफिक कार्ड. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ला आधार देणे थांबवले, आणि विंडोज ११ ला लागणारा नवा प्रोसेसर व टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय त्या यंत्रात नव्हती. धडधाकट यंत्र केवळ तारीख उलटली म्हणून भंगारात घालायला माझे मन धजेना, म्हणून दिवाळीच्या सुट्टीत मी त्यावर विंडोजऐवजी लिनक्स ही फुकट मिळणारी, खुली कार्यप्रणाली घातली. पेटी घरी नेताना मुलाने एकच गोष्ट विचारली, “काका, माझा गेम चालेल का?” दहावीच्या निकालानंतर मामाने दिलेल्या पैशांतून त्याने तो विकत घेतला होता, आणि रोज रात्री साडेनऊ ते साडेदहा तो व त्याचे तीन मित्र, एक विश्रामबागेतला, एक मिरजेतला, एक पुण्याला शिकायला गेलेला, हेडफोन लावून एकत्र खेळत असत. मी त्याच्यासमोर तो खेळ उतरवला, दहा मिनिटे चालवून पाहिला आणि म्हणालो, “चालेल की.” अडीच महिने तो चालला. मग एका रात्री खेळाचे नवे अपडेट आले, पडद्यावर कंपनीचे चिन्ह उमटले, पडदा काळा झाला आणि चौकटीत एक ओळ आली की ही कार्यप्रणाली समर्थित नाही. त्याने अर्धी रात्र जागून, शब्दकोश शेजारी ठेवून, इंग्रजीत तक्रार लिहिली. यंत्रात काय काय आहे, खेळाची आवृत्ती कोणती, आदल्या रात्रीपर्यंत तो कसा नीट चालत होता, सगळे. मिनिटाभरात पोच मिळाली. दुसऱ्या दिवशी दोन ओळींचे उत्तर मिळाले की लिनक्स आमच्या अधिकृत यादीत नाही, त्यामुळे मदत करता येत नाही, आणि त्याखाली तक्रार निकाली काढल्याची सूचना होती. चहाचा ग्लास दोन्ही हातांत धरून तो म्हणाला, “चालत नाही ते जाऊ द्या. पण त्यांनी बघितलंच नाही, काका.”

हे वाक्य घरी गेल्यावरही मला सोडेना.

खरे तर त्याहून अधिक मला माझेच वाक्य सलत होते. ‘चालेल’ हा शब्द आपल्या तोंडातून दिवसाकाठी किती वेळा जातो! चहात साखर कमी असली तरी चालेल, सुटे पैसे नसले तर उद्या दिले तरी चालेल, पाहुणे रात्री उशिरा आले तरी चालेल. त्यात होकार असतो, सवलत असते, समोरच्याला मोकळे करण्याचा मनमोकळेपणा असतो. यंत्राविषयी बोलताना मात्र हाच शब्द सरळसरळ भविष्यकाळ होतो, आणि भविष्याबद्दल बोलायला मागे कोणीतरी उभे असावे लागते. दहा मिनिटे पाहून मला ‘आत्ता चालतो आहे’ एवढेच म्हणण्याचा अधिकार होता. खेळ बनवणाऱ्या कंपनीने लिनक्सचे नावही आपल्या यादीत घातलेले नव्हते. उद्याच्या अपडेटमध्ये ती काय बदलेल हे मला कळण्याचा मार्ग नव्हता. ज्यांनी शब्द द्यायला हवा त्यांनी तो दिला नव्हता, आणि ज्याच्या हाती काहीच नव्हते त्या मी तो देऊन टाकला होता. पंचवीस वर्षे गिऱ्हाइकांशी बोलणाऱ्या माणसाला हे कळायला हवे होते.

माझ्या वडिलांना ते पक्के कळत होते. तासगाव तालुक्यात आमची दीड एकर द्राक्षबाग होती. ऑक्टोबर छाटणीनंतर बागेला पाण्याची ओढ असते, आणि नेमक्या त्या दिवसांत एका वर्षी विहिरीवरच्या मोटरची वाइंडिंग जळाली. आबांनी मोटर सायकलच्या कॅरिअरला बांधून तासगावला नेली, मागे मी पळत होतो. रिवाइंडिंगच्या दुकानातला तो वास अजून माझ्या नाकात आहे: जळलेल्या वार्निशचा, तापलेल्या तांब्याचा, आणि त्यात कुठेतरी ओल्या मातीचा. मिस्त्री जमिनीवर मांडी घालून बसायचा, काळी पडलेली तार पकडीने उपसून काढायचा आणि काढता काढता वेढे मोजायचा. मोजलेला आकडा भिंतीवर खडूने लिहून ठेवायचा. त्याने रात्रभर बसून मोटर बांधून दिली आणि पैसे घेताना म्हणाला, “पाणी काढील. पण माझ्याकडं कागद मागू नका.” आबांनी मान डोलावली. बाग वाचली. पुढच्या वर्षी नवी मोटर घ्यायची वेळ आली, तेव्हा मात्र आबा दुकानांतून हिंडताना किंमत शेवटी विचारायचे; पहिला प्रश्न असायचा, “कंपनीचा माणूस कुठं बसतो?” पलीकडे, १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कुंडलच्या माळावर वसवलेली किर्लोस्करवाडी होती, त्यामुळे ज्याने यंत्र बनवले त्याचा पत्ता ठाऊक असणे आमच्या भागातल्या शेतकऱ्याला नवलाचे नव्हते. आबांनी त्या रिवाइंडिंगवाल्याला कधी कमी लेखले नाही. द्राक्षाची पहिली पेटी दरवर्षी त्याच्या घरी जायची. पण दोन माणसांकडून दोन वेगळ्या गोष्टी मिळतात, आणि एकाने दुसऱ्याची जागा भरून काढावी अशी अपेक्षा करू नये, हे त्यांना न शिकवता येत होते.

लिनक्सच्या जगात मी वाढलो तो सगळा काळ कागद न मागण्याचा होता. २००५ च्या सुमारास उबुंटू या लिनक्सच्या एका प्रकाराच्या सीडी टपालाने फुकट मिळू लागल्या. नाव-पत्ता कळवला की काही आठवड्यांनी परदेशी शिक्क्याचे पाकीट यायचे, आणि पोस्टमन ते देताना माझ्याकडे जरा निराळ्या नजरेने बघायचा. पुठ्ठ्याच्या खोळीला नव्या वहीसारखा वास असायचा. त्या वेळी लिनक्सवर खेळ म्हणजे बर्फावरून घसरणारा पेंग्विन आणि रंगीत बुडबुडे फोडणे. विंडोजचे खेळ चालवायचे तर वाइन नावाची आज्ञावली. हा प्रकल्प १९९३ मध्ये सुरू झाला आणि त्याची १.० आवृत्ती यायला २००८ उजाडले. पंधरा वर्षे माणसे बाहेरून चाचपडत, आत काय असेल याचा अंदाज बांधत ते काम करत होती. मी दुकान बंद झाल्यावर रात्री अकरा-अकरापर्यंत एकेक खेळ सुरू करून बघायचो. चित्र यायचे तर आवाज फाटायचा, आवाज जमला तर माउस जागचा हलायचा नाही. कुठल्याशा देशातल्या अनोळखी माणसाने लिहून ठेवलेली एक ओळ टाकली की सगळे अचानक सुरळीत व्हायचे, आणि त्या क्षणी जो आनंद व्हायचा त्याची बरोबरी मी विकत घेतलेल्या कोणत्याही सोयीशी करणार नाही. त्या अनोळखी माणसांचे ऋण मी मानतो. माझा धंदा त्यांच्या फुकट दिलेल्या रात्रींवर उभा राहिलेला आहे.

पण त्या रात्री त्यांच्या होत्या. परीक्षा आली, नोकरी बदलली, घरात मूल झाले, की ती ओळ लिहिणारा माणूस नाहीसा व्हायचा, आणि त्याला का गेलास असे विचारण्याचा हक्क कोणालाच नव्हता. कंपनी असली म्हणजे कायमची सोय झाली असेही नाही, हे तेव्हाच दिसले होते. १९९८ मध्ये अमेरिकेत लोकी सॉफ्टवेअर नावाची कंपनी निघाली. गाजलेले विंडोजचे खेळ रीतसर परवाना घेऊन लिनक्सवर आणायचे, डब्यात घालून विकायचे आणि त्यांची देखभालही करायची, हे तिचे काम होते. २००२ च्या जानेवारीत ती बंद पडली. डबे घेतलेले लोक पोरके झाले. तिथेच काम करणाऱ्या सॅम लँटिंगा यांनी लिहिलेली एसडीएल नावाची संहिता मात्र खुली असल्यामुळे मागे राहिली आणि आजही असंख्य खेळांच्या पोटात आहे. जे उघडे होते ते टिकले, जे मिटलेले होते ते मालकाबरोबर गेले. माझ्या मनात या दोन गोष्टी तेव्हापासून शेजारी शेजारी आहेत आणि त्यांचे पुरते जमलेले नाही.

पुढे जे घडले ते मी दुकानात बसून जवळून पाहिले. व्हॉल्व्ह कंपनीचे स्टीम हे खेळ विकणारे ऑनलाइन दुकान २०१३ च्या फेब्रुवारीत अधिकृतपणे लिनक्सवर आले, आणि २०१८ च्या ऑगस्टमध्ये तिने प्रोटॉन बाहेर काढले. वाइन तेच, पण आता त्यामागे पगार घेऊन बसलेली माणसे होती. विंडोजचा खेळ सतत काहीतरी मागत असतो: खिडकी उघड, हा आवाज वाजव, हा त्रिकोण असा रंगव. वाइन ती मागणी लिनक्सच्या भाषेत सांगते; चित्रांच्या मागण्या डीएक्सव्हीके नावाचा भाग व्हल्कन या लिनक्सला कळणाऱ्या चित्रभाषेत उतरवतो, आणि हे सेकंदाला साठ-साठ चित्रे काढत असताना, खेळाला पत्ता न लागू देता. मला त्यातली सर्वांत आवडलेली गोष्ट वेगळीच आहे. पहिल्या दिवशी व्हॉल्व्हने दिलेल्या अधिकृत यादीत केवळ २७ खेळ होते. बाकीचे हजारो खेळही त्याच प्रोटॉनवर चालवून बघता येत होते, त्यासाठी एक खूण करावी लागे आणि ती आपल्या जबाबदारीवर. पण त्या २७ खेळांबद्दल कोणीतरी नावानिशी म्हणत होते की हे आम्ही तपासले आहेत, बिघडले तर आमच्याकडे या. लोक त्या आकड्याला नावे ठेवत होते. मला मात्र त्या लहान आकड्यातच भरवसा वाटला होता, कारण मोजून दिलेला शब्द पाळण्याच्या इराद्याने दिलेला असतो.

त्या शब्दाचे फळ साडेतीन वर्षांनी दिसले. २०२२ च्या फेब्रुवारीत, व्हॉल्व्हचे स्टीम डेक हे लिनक्सवर चालणारे हातातले यंत्र लोकांच्या हाती पडत असतानाच, ‘एल्डन रिंग’ हा मोठा खेळ आला. विंडोजवर तो अधूनमधून ठेचकाळत होता. प्रोटॉनवर काम करणाऱ्यांनी तो अडखळा कुठून येतो हे शोधले आणि आपल्या बाजूने दुरुस्त केले. विंडोजसाठी बनवलेला खेळ लिनक्सवर अधिक सुरळीत चालू लागला. हौसेने काम करणाऱ्याला हे जमले नसते असे मी म्हणणार नाही, पण खेळ आला त्याच आठवड्यात, ठरवून, सोमवारी सकाळी कामावर बसून हे करायला ते कोणाचे तरी काम असावे लागते. मुलाच्या यंत्रातल्या ग्राफिक कार्डाचीही अशीच कहाणी आहे. त्या कार्डासाठी लिनक्सवर वापरले जाणारे आरएडीव्ही हे ड्रायव्हर, म्हणजे कार्डाला कामाला लावणारी आज्ञावली, २०१६ मध्ये एएमडीच्या बाहेरच्या माणसांनी लिहायला घेतले. कंपनीचे स्वतःचे खुले ड्रायव्हर नंतर आले. २०२५ च्या सप्टेंबरात एएमडीने आपले ड्रायव्हर गुंडाळले आणि यापुढे आरएडीव्हीलाच आमचा अधिकृत पाठिंबा असे जाहीर केले. बाहेरच्यांनी वाढवलेल्या मुलाला घरच्यांनी नाव दिले. ती बातमी वाचली त्या दिवशी मी दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला ती सांगत होतो. निम्म्यांना ती कळली नाही, तरीही सांगत होतो.

मग मुलाचा खेळ का अडला? तंत्र कमी पडले म्हणून नव्हे. अनेक जण मिळून जे खेळ खेळतात त्यांतल्या पुष्कळांत लबाडी पकडणारा एक पहारेकरी असतो. इझी अँटी-चीट आणि बॅटलआय या त्यांतल्या दोन मोठ्या पहारेकऱ्यांना प्रोटॉनवर उभे राहण्याची सोय २०२१ च्या सप्टेंबरातच झालेली आहे. फक्त ती वापरायची की नाही हे प्रत्येक खेळाच्या कर्त्याने ठरवायचे असते, आणि पुष्कळांनी होकार दिलेला नाही. त्यांची बाजू मला पूर्णपणे खोटी वाटत नाही. विंडोजवर काही पहारेकरी थेट कर्नलमध्ये, म्हणजे यंत्राच्या गाभाऱ्यात, जाऊन बसतात. लिनक्सचा गाभारा तर ज्याचे यंत्र त्याला हवा तसा बदलता येतो, मग पहारेकऱ्याने कोणावर विश्वास ठेवायचा? एपेक्स लेजेंड्स या खेळाने लबाडांना वाट मिळते हेच कारण सांगून ३१ ऑक्टोबर २०२४ रोजी लिनक्सचा प्रवेश बंद केला. शिवाय प्रत्येक नव्या कार्यप्रणालीसाठी तपासणी आली, तक्रारी समजणारी माणसे आली, आणि स्टीमच्या सर्वेक्षणात लिनक्सवाल्यांचा वाटा अलीकडेपर्यंत वर्षानुवर्षे एक-दोन टक्क्यांच्या आसपास घुटमळत होता. चार माणसांसाठी स्वतंत्र पंगत मांडायला कोणताही आचारी कुरकुरेल.

हे मी समजू शकतो. मला समजत नाही ते मधले मौन.

याउलट रॉकेट लीगचे घ्या. त्या खेळाला लिनक्सवर अधिकृत जागा होती. ती काढून घ्यायचे ठरले तेव्हा २०२० च्या जानेवारीत तसे आधी जाहीर झाले, मार्चमध्ये शेवटचे अपडेट आले, आणि लिनक्स व मॅकवर खेळलेल्यांना पैसे परत मागण्याची मुभा मिळाली. लोक रागावलेच, आणि रागावणे रास्त होते. पण निदान त्यांना निरोप तरी मिळाला. अधिकृत आधाराचा मला कळलेला अर्थ यात आहे. फोनवर गोड बोलणारा माणूस हा त्याचा लहानसा भाग झाला. मोठा भाग असा की उद्या काही बदलायचे ठरेल तेव्हा त्या टेबलावर बसलेल्या कोणालातरी आपली आठवण असेल, आणि बंदच करायचे ठरले तर आधी कळवणे त्यांना भाग पडेल. मुलाच्या खेळाने त्याच्याकडून पैसे घेतले, लिनक्सवरून आला तरी रोज रात्री तासभर दार उघडले, आणि तरीही त्यांच्या लेखी तो कधी आत आलेलाच नव्हता. म्हणून त्याला बाहेर काढतानाही कळवण्याची गरज पडली नाही.

त्या रात्री मी जीपीएलचा मजकूर पुन्हा काढून वाचला. लिनक्स ज्या परवान्याखाली येते त्याच्या १९९१ च्या दुसऱ्या आवृत्तीत, शेवटाकडे, मोठ्या अक्षरांत लिहिलेले आहे की या आज्ञावलीला कसलीही हमी नाही, आणि ती सदोष निघाली तर दुरुस्तीचा सारा खर्च तुमचा. तासगावच्या मिस्त्रीचेच वाक्य, वकिलाने लिहिलेले. तरीही ते वाचून मला कधी असहाय वाटलेले नाही, कारण त्याच परवान्याने मला पकड हातात दिली आहे: वाटल्यास उघड, वेढे मोज, पुन्हा बांध, तुला जमत नसेल तर जमणाऱ्याकडे घेऊन जा. हमी नाही पण मज्जावही नाही. खेळाचे उलट आहे. तो शिवून बंद केलेला आहे, उसवणे कराराने मना आहे, आणि लबाडीचा पहारेकरी तर उसवणाऱ्यालाच चोर समजतो. जी वस्तू मी उघडू शकतो तिच्यासाठी मी कंपनीचा माणूस मागणार नाही. जी उघडण्याचा हक्क कंपनीने स्वतःपाशी राखून ठेवला आहे, तिच्या बिघाडाचे उत्तरही तिनेच द्यायला हवे. ‘उघडू नका’ आणि ‘विचारू नका’ ही दोन वाक्ये एकाच तोंडातून यावीत हे मला अन्यायाचे वाटते, मग यादीत काहीही लिहिलेले असो.

पुढच्या रविवारी पत्नीचा तंबोरा घेऊन मिरजेला गेलो. पंचमाची तार महिनाभर बोद बोलत होती. मिरजेतली वाद्ये करणारी घराणी मूळची शिकलगारांची, हत्यारे घडवणाऱ्यांची. त्यांचे हात लोखंडावरून भोपळ्यावर आले त्याला दीडशेहून अधिक वर्षे झाली. दुकानात लाखेचा आणि सागवानी भुशाचा वास होता, छताला वाळलेले भोपळे टांगलेले होते. कारागिराने तंबोरा आडवा घेतला, पोटातली जुनी चिठ्ठी बॅटरी लावून वाचली आणि म्हणाला, “आमच्या आजोबांच्या हातचा आहे.” मग आणखी काही न विचारता त्याने तारा सैल केल्या आणि घोडीवर बारीक कानस फिरवायला सुरुवात केली. दोन-तीन हात फिरवायचे, बोटाच्या पेराने पृष्ठभाग चाचपायचा, तार चढवायची, खाली सुती दोरा सरकवायचा, कान लावायचा, पुन्हा तार उतरवायची. घोडीवर केसाएवढा उतार जास्त झाला तरी जवारी, म्हणजे तारेचा घुमणारा झंकार, जाते. पाऊण तास तो हे करत होता आणि मी बाकावर बसून पाहत होतो. शेवटी तारेखालचा दोरा एका जागी आला आणि स्वर एकदम उघडला, मधमाश्यांच्या पोळ्यासारखा, दुकानभर. तंबोरा विकला तेव्हा आजोबांनी कोणताही कागद दिलेला नव्हता. नातवाने मजुरी घेतली, ती रीतसर घेतली. पण हे आमच्या यादीत आहे का, असे पाहायला तो कुठल्याही वहीकडे गेला नाही. येताना बसमध्ये तंबोरा मांडीवर उभा धरून मी त्या आठ आकडी क्रमांकाचा विचार करत होतो.

संध्याकाळी मी मुलाला बोलावून घेतले. पेटीत एक लहानशी दुसरी एसएसडी बसवली आणि तिच्यावर विंडोज १० परत घातले, केवळ त्या एका खेळासाठी. वाढीव सुरक्षेसाठी मायक्रोसॉफ्टने घरगुती वापरकर्त्यांना दिलेली मुदत नोंदवली. अभ्यास, छपाई, बाकीचे सगळे लिनक्सवरच राहिले. ते त्याला आता हाताचे झाले होते आणि सोडायचे नव्हते. मला हा पराभव वाटला का? थोडा वाटला. पण पुण्याचा मित्र साडेनऊला वाट बघणार होता. खेळ सुरू झाला, कंपनीचे चिन्ह आले, पडदा काळा झाला, आम्ही दोघेही श्वास रोखून बसलो, आणि मित्रांची यादी उघडली. तिघांची नावे हिरवी होती. मुलाने पेटीची वायर गुंडाळता गुंडाळता विचारले, “काका, आता हे चालेल ना?”

शब्द ओठांवर आला होता. मी तो थांबवला आणि बिलबुक ओढले. कार्बन नीट सरकवून लिहिले की लिनक्स आणि त्यावरची सर्व कामे यांची देखभाल दुकान करील, बिघडल्यास पेटी घेऊन यावे, पैसे पडणार नाहीत. त्याखाली लिहिले की खेळ विंडोज १० वर आज सुरू करून दाखवला आहे. सुरक्षेची अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत येतील, त्यानंतरची आणि खेळाच्या कंपनीने मध्ये काही बदल केल्यास त्याची हमी दुकानाकडे नाही. मात्र तसे काही कळल्यास दुकान आधी कळवील. तारीख घातली, सही केली, शिक्का मारला. त्याने ते उभ्यानेच दोनदा वाचले. ‘आधी कळवील’ या शब्दांवर बोट ठेवून त्याने माझ्याकडे पाहिले, मी मान हलवली. मग त्याने काखेतली फिजिक्सची वही काढली, शेवटचे पान उघडले आणि बिलाची घडी त्या क्रमांकावर ठेवून वही मिटली.